सहासष्टला शिट्टी

वही टेबलाच्या मधोमध पडली होती आणि तिला कोणी हात लावत नव्हतं. जणू ती वही नव्हतीच, नुकतं ओतलेलं ओलं प्लास्टर होतं. बोट लागलं तर ठसा उमटायचा.

रविवार होता, घराखालची कवळ्यांची लॅब बंद होती, तरी सगळे जमले ते लॅबमध्येच. या घरात महत्त्वाचं बोलणं वरच्या मजल्यावर कधी झालंच नाही. धाकट्या दिराची नोकरी गेली ते इथेच कळलं, सासूबाईंच्या दुखण्याचं नावही पहिल्यांदा इथेच उच्चारलं गेलं, याच लांब टेबलाभोवती. भिंतींवरच्या फळ्यांवर तेव्हाही हे प्लास्टरचे शे-दीडशे परके जबडे होतेच. लग्न होऊन आली तेव्हा वहिनीला त्यांची भीती वाटायची. आता नऊ वर्षांनी वाटायचं, यांचं बरं आहे. तोंडं उघडी आहेत, पण कुणाचं काही बोलत नाहीत.

वही सापडली ती तिलाच. गुरुवारी, प्लास्टरच्या पिंपामागच्या खोक्यात. जुने साचे टाकून द्यायला म्हणून तिने खोकं ओढलं आणि तळाशी ही दोनशे पानी वही. अक्षर आक्काचं. आक्का म्हणजे तिची थोरली नणंद, लॅबमधला सगळ्यात हुशार हात. दवाखान्यांतून मापं येत, दादा म्हणजे वहिनीचा नवरा त्यावरून साचे ओतायचा आणि आक्का त्यावर मेणात दात लावायची. मग मेणातली ती कच्ची कवळी डब्यात घालून ती स्वतः दवाखान्यात जायची, माणसाच्या तोंडात बसवायची आणि म्हणायची, "हं, आता साठपासून सत्तरपर्यंत म्हणा." ही सासऱ्यांची, अप्पांची पद्धत. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट करत माणूस निघाला की दात केसभर जरी पुढे असला तरी शिट्टी वाजते. मग मेण जरा ऊन करायचं, दात हलवायचा, पुन्हा साठपासून.

वहीत हेच होतं. पानापानावर. 'पोस्टमास्तर. सहासष्टला शिट्टी. दुसऱ्या खेपेला कमी.' 'निळ्या छत्रीची बाई. फ मध्ये वारा.' 'गवई. त जाड. स्वतःला ऐकू येतं, म्हणून जास्त लाजतात.' अशी पन्नास-साठ माणसं, तारखांसकट.

दुसऱ्या कुठल्या घरातल्या बाईने वही मिटून जागेवर ठेवली असती. कवळ्यांच्या घरात मात्र तिचा अर्थ एकच होत होता: कुणीतरी आपल्या चुकांची यादी करतंय. आणि ती कुणासाठी, तेही शेवटच्या पानांवर लिहिलेलं होतं. वर शीर्षक, 'पलीकडे'. खाली मंगळवार, शुक्रवार, मंगळवार, शुक्रवार.

पलीकडे म्हणजे रस्त्यापलीकडे. तीस वर्षांपूर्वी अप्पांचा धाकटा भाऊ साच्यांचं एक खोकं उचलून या लॅबमधून निघाला आणि समोरच्या गाळ्यावर त्याने स्वतःची पाटी लावली. तेव्हापासून या घरात काका हा शब्द नव्हता, फक्त दिशा होती.

त्यात बुधवारी सकाळी चहा पिता पिता आक्का म्हणाली होती, "एक तारखेपासून मी लॅबमध्ये येणार नाही." कुठे जाणार, ते सांगितलं नाही. बुधवारी हे वाक्य, गुरुवारी वही. दोन अधिक दोन चार व्हायला वहिनीला जिना चढेपर्यंतचाही वेळ लागला नाही. आक्का जाणार ते नक्कीच होतं. घरची लेक म्हणून जाणार की काकांसारखी घरभेदी म्हणून, एवढंच आज ठरायचं होतं.

आणि आणखी एक गोष्ट होती, ती फक्त वहिनीला माहीत होती. वही नवऱ्याच्या हातात देण्याआधी तिने त्यातलं एक पान फाडून घेतलं होतं. ते आत्ता तिच्या खिशात होतं, आणि बसल्यापासून तिचा हात दोनदा तिकडे गेला होता.

"चहा निवतोय," धाकटा म्हणाला. दुसरं काही सुचलं नाही की तो हेच म्हणायचा. दातांचं सामान विकत दवाखाने हिंडायचा, त्यामुळे कुणालाही न दुखावता बोलायची त्याला सवय होती.

"निवू दे," दादा म्हणाला. "आक्का, ही वही तुझी?"

"माझं अक्षर ओळखत नाहीस का तू?"

"विचारलं त्याचं उत्तर दे."

"माझी. तुझ्याकडे कशी आली?"

दादाने बायकोकडे पाहिलं नाही. तेवढं त्याने पाळलं. पण आक्काने पाहिलं. वहिनी उगाच कपबश्या सरळ करू लागली.

"लपवून ठेवली होतीस म्हणून विचारतोय," दादा म्हणाला. "आपल्या गिऱ्हाइकांच्या कवळ्यांत काय काय खोट निघाली, ते लिहून ठेवायचं कारण काय? दात मेणात असताना शिट्टी वाजणारच. वाजते म्हणून तर आपण बसवून बघतो. पक्क्या कवळीचं एक तरी पान आहे का यात? नाही. फक्त कच्च्या. म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं की या लॅबमधून सगळं शिट्ट्या मारतच बाहेर पडतं."

"वाचणारा कोण?"

"ते तू सांग."

"अरे, तिला बोलू तरी दे," धाकटा म्हणाला. "पंचवीस वर्षं मेणात बोटं भाजून घेतलीत तिने. ती कशाला आपल्या मुळावर येईल?"

आक्का त्याच्याकडे बघून जरा हसली. वहिनीला ते हसू खुपलं. बहीण-भावांची ही जुनी युती. तिघांत दोघं नेहमी एका बाजूला आणि तिसऱ्याने भिंतीशी बोलायचं. नऊ वर्षं ती भिंत आपणच होतो, असं तिला वाटून गेलं.

"मग हे वाच," दादाने शेवटची पानं उघडून वही धाकट्यापुढे सरकवली.

धाकट्याने वाचलं. तोंडातल्या तोंडात वार मोजले. मग वही अलगद खाली ठेवली आणि खुर्ची जराशी, अगदी चार बोटं, दादाच्या बाजूला सरकवली.

"आक्का," तो म्हणाला, "गेल्या मंगळवारी मी तुला त्यांच्या मागच्या दाराने बाहेर पडताना पाहिलं होतं. मी कुणाला बोललो नाही. म्हटलं, तुझ्यासारखी दुसरी कुणी असेल."

"माझ्यासारखी दुसरी कुठली रे," आक्का म्हणाली. "मीच होते."

टेबलाच्या टोकाला अप्पा बसले होते. आता त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंडाशी नेला, वरची कवळी काढली, खालची काढली आणि रुमालात गुंडाळून पुढ्यात ठेवली. घरातल्या सगळ्यांना याचा अर्थ माहीत होता. सासूबाई म्हणायच्या, इतरांचे बाप दार आपटून बाहेर जातात, आमचे दात काढून बसतात.

"बघ काय केलंस," दादा म्हणाला.

"मी काय केलं? मी जाते तिथे, हे खरं. कशाला जाते ते अजून कुणी विचारलेलं नाही. तुम्ही सगळे 'कुठे' याच्यापुढे गेलाच नाहीत." तिने हात लांब करून वही ओढली आणि काहीतरी शोधत पानं चाळू लागली. चाळता चाळता मध्येच थांबली. शिवणीजवळ फाटलेल्या कागदाची बारीक कड राहिली होती. तिने त्या कडेवरून अंगठा फिरवला. मग वर पाहिलं, थेट वहिनीकडे.

वहिनीचा हात तिसऱ्यांदा खिशाकडे गेला.

"काय झालं?" दादाने वही जवळजवळ हिसकावली. "पान फाडलंय. म्हणजे वही हाती लागेल हे माहीत होतं तुला. आधीच पुरावा बाजूला केलास. काय होतं त्या पानावर?"

आक्का अजून वहिनीकडेच बघत होती. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"काही नव्हतं," आक्का म्हणाली. "चुकीचं लिहिलं गेलं होतं. मीच फाडलं."

"चुकीचं लिहिलं तर माणूस खोडतो. फाडतो कशाला?"

"मी फाडते. सवय आहे मला."

"पंचवीस वर्षांत तू मेणाचा तुकडा टाकून दिलेला नाहीस, आणि म्हणे कागद फाडायची सवय. आक्का, खोटं बोलायचं तर निदान नीट बोल."

"तेही शिकेन हळूहळू."

धाकट्याला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. दादा उठला. येरझारा घालायला लॅबमध्ये जागा नव्हती, म्हणून तो जागच्या जागीच वळला. "काकांनी खोकं नेलं. तू गिऱ्हाइकं नेतेस. ते तरी सरळ नेत होते, सगळ्यांसमोर."

चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण वहिनीने शाळेत वाक्यात उपयोग करा म्हणून लिहिली होती. आता तो उपयोग तिच्यासमोर उभा होता. गप्प बसलं तर दोन मिनिटांत सगळं संपणार होतं. आक्का जाणार, दोष तिच्या माथी राहणार आणि खिशातलं पान रात्रीच्या कचऱ्यात. सोपं होतं. तिला फक्त कपबश्या उचलायच्या होत्या.

"पान मी फाडलं," ती म्हणाली.

दादाला ते आधी ऐकूच आलं नाही. "काय?"

"वही तुम्हाला द्यायच्या आधी. त्यांनी नाही, मी."

तिने पान काढून टेबलावर ठेवलं. तीन दिवसांत घडी घालून घालून ते मऊ पडलं होतं. कुणी हात लावेना, तेव्हा तिनेच वाचलं. तिला ते पाठच होतं.

"'चिमणी. चार वर्षं दोन महिने. क च्या जागी त. काकडीला तातडी. ग च्या जागी द. कान चांगले आहेत, हळू बोललेलंही कळतं. हल्ली कुणी हसलं की वाक्य अर्धं सोडते. वेळेवर कुणी बसलं तर सुटेल. वहिनीला कसं सांगू?'"

वर जिन्यात चिमणी बाहुलीशी काहीतरी बोलत होती. शब्द कळत नव्हते. एरवीही फारसे कळत नसत, पण घरात सगळ्यांचं म्हणणं होतं की गोड बोलते. वहिनीही तसंच म्हणायची. शाळेतल्या बाईंनी दोनदा चिठ्ठी पाठवली, ती तिने पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि कप्प्याची चेन लावून टाकली.

"मला वाटलं, यांनी माझ्या मुलीलाही यादीत घातलं," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच बारीक वाटला. "खोट असलेल्यांच्या यादीत. म्हणून राग आला. शेवटची ओळ मी वाचली होती, तरी आला. आणि तुम्हाला दाखवायचं नव्हतं, म्हणून फाडलं."

दादा खाली बसला. पान त्याने उचललं आणि बराच वेळ वाचलं, चार ओळींना लागतो त्यापेक्षा खूप जास्त वेळ.

"ही यादी खोटींची नाहीच," आक्का म्हणाली. तिचा आवाजही आता पहिल्यासारखा ताठ नव्हता. "दात बसला की तुमचं काम संपतं. माझं तिथे सुरू व्हायचं. काही माणसांची शिट्टी दात हलवून जाते, काहींची नाही जात. पोस्टमास्तरांची गेली नाही. दात नव्हते तेव्हा सहा वर्षं ते जीभ मागे ओढून बोलत होते, तीच सवय राहिली. त्यांना मी जीभ कुठे टेकवायची ते दाखवलं, आठ दिवस रोज म्हणायला लावलं. गेली शिट्टी. बायकोला फोन केला त्यांनी माझ्यासमोर, तर ती म्हणे, कोण बोलतंय?"

"आणि पलीकडे?" दादाने विचारलं. संशय अजून होता, पण तो आता धार गेलेल्या पात्यासारखा नुसता टोचत होता.

"काकांचं तोंड वाकडं झालंय. अर्धांगवायूचा झटका येऊन गेला, सात महिने झाले."

"ते गाळ्यात दिसत नाहीत, ते म्हणून?" धाकटा म्हणाला. "त्यांचा मुलगा तर सांगतो, बाबा आराम करतात. दवाखान्यांतून सगळीकडे हेच सांगतोय."

"सांगेलच. डॉक्टरांना कळलं तर कामं जातील, ही भीती. तोही शेवटी अप्पांचाच पुतण्या. कवळी बसेना म्हणून त्यांना दवाखान्यात आणलं होतं, त्याच दिवशी मी डबा घेऊन तिथे. मला बघून ते मान फिरवायला लागले, ती फिरेना. मी सवयीने म्हटलं, साठपासून म्हणा. साठ म्हणायला त्यांना पाऊण मिनिट लागलं. कवळीत काही दोष नव्हता रे. दात हलवून काही होणार नव्हतं. मी हातात मेण घेऊन नुसती उभी."

दादाने हातातलं पान टेबलावर ठेवलं.

"मग मी मोठ्या रुग्णालयात जाऊन विचारलं. तिथे स्पीच थेरपीचा विभाग आहे. तिथल्या बाईंनी मला बसू दिलं, शिकवलं. मंगळवारी, शुक्रवारी मी तेच काकांकडून करून घेते. एक तारखेपासून तिथे वर्षाचा डिप्लोमा आहे. मुलाखतीत विचारलं, अनुभव किती? म्हटलं, पंचवीस वर्षं ऐकतेय."

"त्रेचाळिसाव्या वर्षी कॉलेज," धाकटा म्हणाला. "लोकांना बोलायला शिकवणार. आपल्या घरात गप्प करायचं शिकवणारं कुणी निघालं असतं तर जास्त चाललं असतं."

"तुझ्यावर प्रयोग करीन."

"पण तुझं मेण," दादा म्हणाला, आणि आता कुठे खरी गोष्ट बाहेर आली. त्याचा चेहरा एकदम थकल्यासारखा झाला. "लॅब तुझ्या मेणावर उभी आहे, आक्का. डॉक्टर माझं प्लास्टर बघून काम देत नाहीत. इतका हात बसलाय तुझा. देवाने दिलेली गोष्ट कुणी टाकून जातं का?"

"जमतं आणि आवडतं यात फरक असतो, दादा. मला तो कळायला वीस वर्षं लागली, कारण जमत होतं. दात लावताना माझं लक्ष कधी दातात नव्हतंच. तोंडात बसले की माणूस पहिला शब्द काय काढतो, तो ऐकायला मिळावा म्हणून मी लावत होते."

अप्पांनी काहीतरी विचारलं. दातांशिवायचे त्यांचे शब्द सगळे हवेचे असत. आक्काशिवाय कुणाला कळले नाहीत.

"चौसष्टला," तिने उत्तर दिलं. "त्रेसष्टपर्यंत येतात आता. चौसष्टला अडतात."

अप्पांनी रुमाल उलगडला. एकेक करून दोन्ही कवळ्या बसवल्या, जबडा हलवून पाहिला. "तिथेच अडायचा," ते म्हणाले. "पाढे म्हणताना. आठ आठे आला की गप्प. मास्तर छडी उगारायचे, मग मागच्या बाकावरून मी सांगायचो." मग काठी जवळ ओढत, "खोकं माझं नव्हतं. दोघांचं होतं. मी कधी म्हटलं नाही तसं." आणि कुणी काही विचारायच्या आत ते काठी घेऊन उठले आणि खिडकीशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

आता सगळं मिटलं, असं वहिनीला वाटलं. धाकट्यालाही वाटलं असावं, त्याने गार चहा एका घोटात संपवला. पण दादाने टेबलाच्या खणातून लॅबचं बिलबुक काढलं, एक पान उलटं केलं आणि लिहायला लागला. तो चांगला माणूस होता, फक्त चांगलं वागण्याआधी त्याला कागद लागायचा.

"हे काय?" आक्काने विचारलं.

"तू खरं बोलतेस, मान्य. तरी असू दे. उद्या कुणी विचारलं तर. 'मी यापुढे दुसऱ्या कुठल्याही लॅबसाठी दातकाम करणार नाही, इथली गिऱ्हाइकं पलीकडे वळवणार नाही.' एवढंच."

"सख्ख्या बहिणीकडून लिहून घेतोस?"

"सख्ख्या भावाकडून लिहून घेतलं नाही, त्याचं काय झालं ते तीस वर्षं बघतोय."

आक्काने कागद वाचला. तिला राग येईल असं सगळ्यांना वाटलं, पण तिने नुसतं बोट ठेवलं. "'गिऱ्हाईक' मधला काना राहिलाय," ती म्हणाली, तो दिला आणि खाली सही केली. धाकट्याने साक्षीदार म्हणून केली, कुणाकडे न बघता, फर्रकन. मग दादाने कागद बायकोपुढे सरकवला. "दोन साक्षीदार हवेत. तू कर."

वहिनीने पेन हातात घेतलं. आक्का समोरच होती, खिडकीतलं ऊन तिच्या बोटांवर होतं, मेणाने जागोजाग पोळलेल्या. ती काही सांगत नव्हती, खुणावतही नव्हती. सही करशील तरी चालेल, असाच तिचा चेहरा होता. वहिनीने टेबलावर पेनचं टोपण शोधलं, लावलं आणि पेन कागदावर आडवं ठेवून दिलं.

"मी नाही करणार."

"का?"

"यांच्यावर एकदा संशय घेऊन झालाय माझा. पुन्हा लेखी नको."

दादाने तिच्याकडे पाहिलं. सकाळपासून तो वहीकडे बघत होता ना, अगदी तसंच. "तुझं काय चाललंय? आधी पान फाडतेस, आता हे. तुलाही कुठे जायचंय की काय?"

धाकटा हसला. मग कुणीच हसत नाही म्हटल्यावर थांबला. खिडकीशी अप्पा वळले. आक्का मान किंचित वाकडी करून ऐकत होती, दवाखान्यात माणसाने पहिला शब्द काढायची वाट बघावी तशी.

उत्तर तयारच होतं. मी कुठे जाणार, असं हसत म्हणायचं आणि ट्रे उचलायचा. नऊ वर्षांत असली उत्तरं शंभरदा देऊन झाली होती. वहिनीने तोंड उघडलं तर ते येईना. प्रश्न टोमणा म्हणून आला होता हे तिला कळत होतं, तरी तो तिला कुणी पहिल्यांदाच विचारला होता.

"माहीत नाही," ती म्हणाली. "विचार करून सांगते."